तिसऱ्या घरापुढच्या लाल चपला

तुमाला त्या लाल चपलांचंच ईचारायचंय, मला ठाऊक हाय ताई, जे येतंय ते तेच ईचारतंय, की पेंटर, त्या दुसऱ्या ग्रहावरच्या गावात तिसऱ्या घरापुढं लहान पोरीच्या लाल चपला कामून काढल्या, त्याचा अर्थ काय. सांगतो. पन मी मधनंच सुरू केलं की माझी गाडी घसरती, कुठलं कुठं जाती, म्हनून पहिल्यापासनं सांगू द्या. चहा येऊन राहिलाय, तवर ऐका.

आमी मूळचे अहमदपूरचे. अब्बा पत्र्याच्या पेट्या बनवायचे. लग्नात पोरीला द्यायच्या त्या पेट्या, हिरव्या न्हाईतर निळ्या, झाकनावर गुलाबाची फुलं आन् फुलांच्या मधी पोरीचं नाव. पेटी अब्बा ठोकायचे, फुलं काढायचं काम माझं. अब्बांचा एकच कायदा, की ज्याला डोळे हायत ते काढायचं न्हाई. मोर न्हाई, मासा न्हाई, मानूस तर न्हाईच न्हाई. जानदार चीज काढली की कयामतच्या दिवशी तुला म्हनतील आता ह्याच्यात जान टाक, मग कुठनं टाकनार तू, असं अब्बा म्हनायचे, आन् मला लई भ्या वाटायचं. एकदा मी ईचारलं, अब्बा फुलालापन जान असती की, मग फूल कसं चालतं. अब्बांनी माझ्याकडं बघितलं, म्हनले गप बस, रंग वाळून राहिलाय, हात लावू नको. तवापासनं ह्यो घोळ माझ्या डोक्यात शिरलाय तो आजून निघाला न्हाई.

अम्मी लवकर गेली. मला सांभाळलं माझ्या मोठ्या बहिनीनं, जुबेदा तिचं नाव, मी आपा म्हनतो. तिचं लग्न झालं औसा तालुक्यातल्या एका गावात. गावाचं नाव नका लिहू, ते गाव आता त्या जागेवर न्हाईच. तिचा नवरा, म्हंजे आमचे दुल्हेभाई, कपडे शिवायचे, गरीब मानूस. त्यांना एकच पोरगी, शमीम. सगळे शम्मोच म्हनायचे.

मग स्टीलची कपाटं आली, पेट्या कोन घेतंय, म्हनून मी नांदेडला गेलो आन् एका उस्तादाच्या कारखान्यात लागलो. सिनेमाचे ब्यानर रंगवायचा कारखाना. टॉकीजवर वीस फुटी कापड चढायचं, त्याच्यावर हिरो, हिरवीन, व्हिलनचा लालबुंद डोळा, तुमच्या वयाच्या मानसांनी कुठं बघितलं असंल. त्या कामात वाटनी असती. चेहरा उस्ताद काढनार, दुसऱ्या कुनी चेहऱ्याला ब्रश लावला तर उस्ताद त्यो ब्रश मोडून चुलीत घालायचा. अक्षरांचा मानूस येगळा. आन् चेहऱ्यांच्या मागं जी जागा उरती, ढग, डोंगर, आग, पूल, विमान, ती मागच्या मानसाची. मी पहिल्याच दिवशी सांगितलं, उस्ताद, आमच्या अब्बांचा कायदा हाय, मी चेहरे करनार न्हाई. उस्ताद म्हनला, तुला देतंय कोन. अशी माझी सोय लागली. लोकं ईचारायची रशीद काय करतो, तर मागचं करतो. पोरगी बघायला गेलो तवापन तेच सांगितलं, सासऱ्याला वाटलं मागं म्हंजे टॉकीजच्या मागं सायकली सांभाळतो. (लग्न झालं तरी, ते जाऊ द्या.)

तर एकदा मुंबईचा एक डायरेक्टर नांदेडला कुनाच्या तरी लग्नाला आलता. टॉकीजपुढं उभा राहिला आन् हिरोकडं न बघता हिरोच्या कानामागं बघाय लागला, तितं मी तांबडं आभाळ आन् एक मोडका पूल काढलता. हुडकत हुडकत कारखान्यात आला, म्हनला ते मागचं कुनी काढलं. उस्तादाला वाटलं तक्रार हाय, त्यानं लगेच माझ्याकडं बोट केलं.

साहेब म्हनला, मी एक पिक्चर काढून राहिलो, दुसऱ्या ग्रहावरचं, तितं एक गाव हाय, पन गावात कुनी न्हाई, सगळे सोडून गेलेत, ते गाव कसं दिसंल तेवढं तू काढून दे, मग आमी तसं बनवू. मी म्हनलं साहेब मी तर ते कधी बघितलं न्हाई. साहेब म्हनला कुनीच बघितलं न्हाई, म्हनून तर तुझ्याकडं आलो. मी म्हनलं मानसं नक्की न्हाईत ना. म्हनला एकबी न्हाई. मग मी हाव म्हनलं. मानसं न्हाईत म्हनल्यावर मला काय अडचन.

आता हितं जे झालं त्याला लोकं हसतात, मला मात्र त्यात हसायसारखं काय ते अजून कळलं न्हाई. साहेबाला पायजे होती कागदावरची चित्रं, हातात धरून बघायची, टेबलावर पसरायची. त्यानं तसं सांगितलं न्हाई. मला चित्र म्हंजे ब्यानर, दुसरं काय ठाऊक. मी कापडं घेतली, सरस लावला, चौकटी आखल्या आन् रंगवाय बसलो. गाव कसं काढावं सुचंना, मग लातूरची गंजगोलाई डोळ्यापुढं आली, मधी गोल आन् चहूकडं रस्ते फुटलेले, तसं केलं. घरं कशी काढावी सुचंना, तर अब्बांच्या पेट्या आठवल्या. पेट्यांवानी घरं, हिरवी, निळी, पुढं कडी, झाकन थोडं उघडं. आन् वर दोन चांद. एक चांद काढला तर लोकं म्हनतील हे तर आपलंच गाव हाय.

ते सगळं गुंडाळून एसटीच्या टपावर बांधलं आन् मुंबईला निघालो. कंडक्टर म्हनला काय हाय त्याच्यात. मी म्हनलं दुसरा ग्रह हाय. म्हनला मग आवळून बांध, वळनावर पडंल.

मुंबईत साहेबाचं ऑफिस एवढंसं, त्यात ते कापड उलगडंनाच. शेवटी खाली मोटारी लावायच्या जागेत भिंतीवर लटकवलं. साहेब डोक्याला हात लावून बसला. सगळे हसाय लागले, मी आपला उभा. पन कॅमेरावाला म्हातारा होता, त्यो हसला न्हाई, त्यो मागं मागं सरकत गेला, एक डोळा झाकून बघाय लागला, आन् म्हनला बनवायचं कशाला, ह्येच लावू की मागं. तसंच केलं त्यांनी. म्हंजे चित्रावरनं जे गाव बनवायचं होतं ते बनवलंच न्हाई, चित्रच उभं केलं आन् त्याच्यापुढं नट-नट्या पळवल्या. पडद्यावर माझं नाव आलं, कन्सेप्ट आर्टिस्ट. मी ईचारलं साहेब म्हंजे काय ओ. साहेब म्हनला जे न्हाई ते सगळ्यांच्या आधी काढनारा. मी म्हनलं म्हंजे खोटारडाच की. साहेब लई हसला, पन न्हाई म्हनला न्हाई.

पिक्चर नांदेडला लागला. लोकं बाहेर आली ती येड्यावानी एकमेकांकडं बघत. मला धरलं, रशीद, गाव रिकामं हाय तर हिरो भांडून राहिलाय कुनाशी. आता मी काय सांगू, मलाबी कळलं नव्हतं. आठवडा व्हायच्या आत उतरला. साहेबाकडं जागा नव्हती, म्हनून कापडं त्यानं मलाच परत दिली, ती मी कारखान्याच्या माळ्यावर टाकली आन् इसरून गेलो.

मग भूकंप झाला. लोकं गनपती बुडवून झोपलीती आन् पहाटं हललं. नांदेडलाबी भांडी वाजली. दिवस वर आला तवा कळलं की औशाकडं, किल्लारीकडं काय झालंय. पाऊस लागलाता आन् कुनीतरी म्हनलं तिकडं डोक्यावर घ्यायला काय न्हाई, म्हनून मी माळ्यावरची कापडं काढली, एका ट्रकात टाकली आन् गेलो. तिथं काय बघितलं ते ईचारू नका ताई. घरं दगडाची, भिंती हातभर जाड, वर माती. आपा आन् दुल्हेभाई उकडतंय म्हनून ओसरीच्या बाहेर झोपले होते. शम्मो आत होती, दादीच्या कुशीत.

शम्मोचं एक सांगतो, म्हंजे पुढचं कळंल. त्या वर्षी ईदला मी नांदेडहून तिला लाल चपला आनल्या होत्या, बक्कलाच्या. त्याच्या आधीची तिची एक चप्पल गावातल्या कुत्र्यानं पळवली होती, तवापासनं ही पोरगी चपला बाहेर ठेवायची न्हाई. उशाशी घेऊन झोपायची. आपा रोज रागवायची, की घरात चपला आनतेत का कुठं, बाहेर ठेव. ती कुठं ऐकतीय. मामूनं आनल्यात म्हनायची, आन् पोटाशी धरायची.

तर ती कापडं आमी बांबूवर ताणली. रंगाची बाजू वर पायजे, तेलरंगावरनं पानी घसरतं, पन घाईत पोरांनी उलटीच बांधली, रंग आत आन् कोरं कापड वर. मी वरडून राहिलो, पन तवा कोन ऐकतंय. पानी थांबलं तसं, पन कापड भिजून खाली लोंबायचं, मग काठीनं वर ढकलून पानी काढायचं. आन् खाली गावातली वाचलेली मानसं, पाटील काय, मांग काय, आमी काय, सगळी एका रांगेत आडवी पडलेली, आन् त्यांच्या डोक्यावर दोन चांद आन् ते पेट्यांचं रिकामं गाव.

आपा रडली न्हाई. जेवन न्हाई, बोलनं न्हाई. नुसती उतानी पडून वर बघायची. मला वाटलं हिचं डोकं गेलं. एक दिवस तशीच पडल्या पडल्या म्हनली, रशीद, ह्या घरांत कोन राहतंय. मी म्हनलं कुनी न्हाई आपा, साहेब म्हनलाता सगळे सोडून गेलेत. म्हनली, इतकी घरं, आन् सगळी रिकामी? मी म्हनलं हाव. आपा म्हनली, मग त्यातलं एक माझ्या शम्मोला दे की.

मी म्हनलं आपा, मला चेहरा येत न्हाई, तुला अब्बांचं ठाऊक हाय, आन् तिचा फोटोबी न्हाई कुठं, मी कसा काढू तिला. आपा म्हनली, चेहरा कोन मागून राहिलं तुला. ती घरात हाय. तू बाहेरून काढ.

मी तसाच उठलो, दिवसभर त्या चिखलात फिरलो. घरात हाय, बाहेरून काढ. मानूस आत हाय हे बाहेरून कसं काढनार. मग फिरता फिरता एका खोपटापुढं चपला दिसल्या कुनाच्या तरी, आन् मला वाटलं आत कोन तरी हाय. नुसत्या चपलांवरनं मला तसं वाटलं, म्हनून तिथंच थांबलो. रंगाचे दोन-चार डबे ट्रकात तसेच आलते, त्यात लाल होता. एक ड्रम पालथा घातला, त्याच्यावर चढलो आन् मान मोडून वर रंगवाय लागलो. डावीकडनं तिसरं घर. रंग दाढीत गळायचा, डोळ्यात जायचा. खालची मानसं बघत होती. बक्कलासकट काढल्या.

आपानं बघितलं, लई येळ बघितलं. मग म्हनली, चुकलास. शम्मो बाहेर ठेवत न्हाई. मी म्हनलं पुसतो. तर म्हनली, राहू दे. तितं कुत्रं नसंल. आन् मग रडाय लागली. गाव पडल्यापासनं पहिल्यांदा रडली. मी ड्रमवर बसून राहिलो.

पुढं सरकारनं नवं गाव बसवलं, आपालाबी घर मिळालं. सगळी घरं एकसारखी, रांगेत. आपा म्हनायची रशीद, हे तर तुझ्या पिक्चरचंच गाव हाय, चपला बघूनच कोन कुठं राहतंय ते कळतंय. म्हातारी मानसं तर दुसऱ्याच्याच घरात जाऊन बसायची. मला कधी कधी वाटतं मी काढलं म्हनून तसं झालं का. न्हाई, तसं कसं होईल. पन वाटतं.

त्या कापडाखाली झोपलेल्या मानसांचा फोटो कुठल्यातरी पेपरात आला आन् साहेबानं त्यो बघितला. त्यानं परत बोलावलं, म्हनला दुसरा पिक्चर काढून राहिलो, तेच गाव पायजे, पन आता कागदावर काढ बाबा. मी निघायच्या आधी आपाला भेटाय गेलो. तिनं सगळं ऐकलं, चहा दिला, आन् म्हनली, आता तिचा पाय वाढला असंल रशीद, मोठ्या काढ. मोठ्या काढल्या. साहेबानं ईचारलं न्हाई कुनाच्या हायत, मी सांगितलं न्हाई. त्यानं आपल्या मनानं पिक्चरच्या शेवटाला कॅमेरा नेऊन त्या चपलांवरच थांबवला आन् संपवलं. ह्या खेपेलाबी पिक्चर चालला न्हाई तो न्हाईच, पन शिकल्यासवरल्या लोकांनी त्याच्यावर लई लिहिलं. कुनी म्हनलं त्या चपला म्हंजे युद्ध हाय, कुनी म्हनलं देव हाय. मी एकाकडनं ते वाचून घेतलं. मला वाटलं दुसऱ्याच कुनाच्या चित्राबद्दल लिहून राहिलेत.

मग फ्लेक्स आलं. एका दिवसात कारखाना बसला. उस्तादाचे चेहरे गेले, माझं मागचं गेलं. मी लातूरला आलो. लातूरला तवा क्लासचं पीक आलतं. जिकडं बघावं तिकडं क्लास, आन् गल्लोगल्ली फ्लेक्सवर पोरांचे चेहरे, एवढाले चेहरे, नुसते चेहरेच चेहरे, मागं काहीच न्हाई. आपाबी लातूरलाच आली. दुल्हेभाई गेले होते, तिनं दोन खोल्या घेतल्या आन् क्लासच्या पोरींची मेस सुरू केली. रेनापूरच्या, देगलूरच्या, कुठल्या कुठल्या पोरी, सगळ्या तिला खाला म्हनतात, म्हंजे मावशी, हिंदूच्याबी. संध्याकाळी गेलं तर तिच्या दारात पाय ठेवायला जागा नसती, एवढ्या चपला.

एका क्लासवाल्या सरांनी मला बोलावलं, म्हनले भिंत रंगवायची, विज्ञान वाटलं पायजे. मला काय दुसरं येतंय. मी तेच गाव काढलं, दोन चांद, मधी एक रॉकेट घातलं सरांसाठी. आपाला ईचारलं. म्हनली, आता कॉलेजात जाऊन राहिली असंल, थोडी टाच काढ. तशी सँडल काढली, लालच. सर म्हनले पेंटर, ह्या चपला कशाला. मी म्हनलं कोन तरी राहतंय असं वाटाय पायजे. सर म्हनले बरं.

आन् मग काय झालं ऐका. पोरींनी कुठनं काय काढलं कुनास ठाऊक, म्हनाय लागल्या की ह्या क्लासची एक पोरगी पहिली आलती, डॉक्टर होऊन बाहेरदेशी गेली, ह्या तिच्या सँडली हायत. परीक्षेला जाताना भिंतीला हात लावून जायला लागल्या. रंग उडाला तितला, मला दोनदा परत काढाव्या लागल्या. मी मुसलमान मानूस, चपलेला कुनी हात जोडावेत हे मला पटंना, आन् कुनाला बोलताबी येईना. त्याच पोरी आपाच्या मेसला जेवायच्या. आपा वाढून राहिली तवा एकीनं सांगितलं, खाला, भिंतीवरच्या त्या लाल सँडली एका डॉक्टर झालेल्या पोरीच्या हायत. आपानं भाकरी टाकली, म्हनली, हाव. झाली ती डॉक्टर.

मी मागनं तिला गाठलं. म्हनलं आपा, लेकरांशी खोटं कामून बोललीस. तर माझ्यावरच उलटली. म्हनली, तू दोन चांद काढलेस ते खरे होते का. 

आता अर्धापूरच्या सुहासचं सांगतो आन् संपवतो. केळीवाल्या शेतकऱ्याचं पोरगं. त्याच क्लासला होता, डॉक्टर काय झाला न्हाई, हैदराबादला गेला आन् आता कॉम्प्युटरवर पिक्चरचे ग्रह बनवतो. मला हुडकत आला, पाया पडला, म्हनला काका, आमी सगळे तुमच्यावरनं शिकलो. मी म्हनलं बाबा मी तर तुला बघून राहिलो पहिल्यांदा. त्यानं मोबाईल काढला, एकेक दाखवाय लागला. कसली कसली गावं, आभाळात लटकलेली, बर्फात गाडलेली, आन् प्रत्येकात कुठंतरी कोपऱ्यात एक वाळत घातलेला टॉवेल, न्हाईतर एक पालथा गिलास, न्हाईतर एक पोराची सायकल. म्हनला, चित्र झालं की आमचा मोठा साहेब ईचारतो, चप्पल ठेवली का. आमच्यात तसंच म्हनतात. चप्पल ठेवल्याबिगर चित्र पुढं जात न्हाई. परदेशातल्या पोरीबी म्हनतात म्हनं, त्यांना चप्पल म्हंजे काय तेबी ठाऊक न्हाई. मी हाव हाव म्हनत राहिलो. माझ्या शम्मोच्या चपला आन् कुठल्या कुठं जाऊन पोचल्या, कशा गेल्या, कुनी नेल्या, मला काय उमजंना.

मग त्यानं ईचारलं, काका, आमच्यात एक वाद हाय. प्रत्येक चित्रात चपला मोठ्या मोठ्या होत जातात. एक जन म्हनतो कॅमेरा जवळ येऊन राहिलाय, दुसरा म्हनतो काळ पुढं चाललाय. खरं काय. मी म्हनलं दुसरा बरोबर हाय. आन् तुमाला सांगितलं तसंच त्याला सगळं सांगितलं. त्याचा चहा तसाच गार झाला.

जाताना म्हनला, काका, नवा पिक्चर हाय, मला तुमच्या हातचं पायजे, कापडावर, वीस फुटी, पहिल्यासारखं. मी म्हनलं आता हात थरथरतो. म्हनला थरथरू द्या. ते कापड आता हितंच वर आपाच्या मेसच्या गच्चीवर लावलंय, पत्र्याखाली, जाताना दाखवतो. सगळं झालंय. घरं झाली, चांद झाले, शम्मोच्या चपला झाल्या.

न्हाई, झाल्या म्हंजे, तेच तर सांगायचंय. नेहमीवानी आपाला ईचाराय गेलो, आता किती मोठ्या काढू. आपाचे गुडघे गेलेत, तरी चुलीम्होरंच बसलेली असती. म्हनली, आता तिचा पाय वाढायचा थांबला रशीद, हायत तेवढ्याच काढ. मी उठाय लागलो, तर म्हनली, थांब, बाजूला माझ्याबी काढ. त्या निळ्या पट्ट्याच्या, अंगठा तुटलेल्या, दारात हायत बघ, तशाच. मी म्हनलं आपा काहीबी काय बोलतीस, तू तर हायस अजून. म्हनली, म्हनून तर सांगून राहिले. मेल्यावर कशी सांगू. किती वर्सं झाली, पोरगी एकटीच राहून राहिली तितं.

अब्बा असते तर त्यांना ईचारलं असतं, की अब्बा, चपलेला डोळे न्हाईत, मग ही जानदार चीज झाली का न्हाई. मी आयुष्यभर एक मानूस काढला न्हाई, आन् आता वाटतं दुसरं काय काढलंच न्हाई. तुमी शिकलेल्या हायत ताई, तुमाला काय वाटतं. न्हाई, राहू द्या, तुमी तरी काय सांगनार.

शम्मोच्या चपलांशेजारी जागा सोडलीय मी. निळा रंग कालवून ठेवलाय, दोनदा वाळला, दोनदा परत कालवला. सुहासचा रोज फोन, काका झालं का. मी म्हनतो थोडं राहिलंय. आपा रोज संध्याकाळी पोरींचं जेवन व्हायच्या आधी जिन्यानं वर येती, एका एका पायरीवर थांबत, त्या मोकळ्या जागेकडं बघती, माझ्याकडं बघती. म्हनती, कवा. मी म्हनतो, हात लावू नको, रंग वाळून राहिलाय. तिला कळतं. बिचारी खाली जाती, पोरींना वाढती.

अल्ला तिला लई उमर देवो. पिक्चर थांबला तर थांबू द्या.